पुढच्या आठवड्याचा सिनेमा कोणी ठरवायचा?

दर आठवड्याला सिनेमा दाखवणारं मंडळ दादरचं असो की लालबागच्या एखाद्या चाळीतलं, वाद ठरलेला असतो: काय दाखवायचं? तोडगाही ठरलेला. व्हॉट्सअ‍ॅपवर चार नावं टाकायची, जास्त मतं पडतील तो सिनेमा लावायचा. पद्धत लोकशाहीची दिसते, पण मत पडतं ते आधी कानावर आलेल्या नावालाच. जानेवारी 1952 मध्ये देशातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत भरला. त्यात 'बायसिकल थीव्हज' हा इटालियन सिनेमा दाखवला गेला, तो काही इथल्या प्रेक्षकांनी मागितला म्हणून नव्हे. कोणीतरी तो निवडला. तो पाहून दिग्दर्शक बिमल रॉय भारावले आणि पुढच्याच वर्षी 'दो बिघा जमीन' आला. मतदानावर सोडलं असतं, तर त्या पडद्यावर काय दिसलं असतं याचा अंदाज बांधायला फार डोकं लागत नाही.

मतदानाची खरी अडचण मात्र वेगळी आहे. एकेका सिनेमाला मत देता येतं. सिनेमांच्या क्रमाला देता येत नाही. आणि साप्ताहिक मंडळाचं बळ तर क्रमातच असतं. परळ-लालबागमध्ये महेश मांजरेकरांचा 'लालबाग परळ' (2010) बहुमताने सहज निवडून येईल, आणि त्यात गैर काही नाही. जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकावर तो बेतलेला आहे आणि 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपाची झळ इथल्या घराघरांत पोचली होती. पण तो एकटाच दाखवला, तर प्रेक्षक आपल्या आठवणी उजळून घरी जाईल. पुढच्या आठवड्यात आनंद पटवर्धनांचा 'ऑक्युपेशन : मिल वर्कर' हा छोटा माहितीपट लावा. बंद पडलेल्या गिरणीत शिरणारे कामगार त्यात आहेत, आणि ते कोणत्याही पटकथेतले नाहीत. त्यानंतर चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' (2014). त्यातल्या शाहिरावरचा खटला पाहताना कामगारवस्तीतल्या शाहिरीची परंपरा आठवल्याशिवाय राहणार नाही. तिसऱ्या आठवड्याला पहिला सिनेमा पुन्हा वादात ओढला जातो: रडवलं खरं, पण सांगायचं काय राहिलं? हा वाद घडवून आणणं हेच निवडीचं काम आहे.

यावर आक्षेप येतो की ही चार शहाण्यांची मक्तेदारी झाली. आक्षेप पोकळ नाही. मुंबईत 1968 मध्ये स्थापन झालेल्या 'प्रभात चित्र मंडळ' या फिल्म सोसायटीने आणि सुधीर नांदगावकरांसारख्या कार्यकर्त्यांनी मराठी प्रेक्षकाला जगाचा सिनेमा दाखवला, 'वास्तव रूपवाणी' या नियतकालिकातून त्यावर लिहिलंही. पण एकूण फिल्म सोसायटी चळवळीत सभासद कशासाठी येतात याचा हिशेब नेहमी सरळ नव्हता. सेन्सॉरची कात्री न लागलेली दृश्यं पाहायलाच काहीजण वर्गणी भरत, हे उघड गुपित होतं. निवडणारे एकीकडे, बघणारे दुसरीकडे, अशी फट पडते ती इथे. दुसरा आक्षेप जास्त रोखठोक आहे: इंग्रजी उपशीर्षकं न वाचता येणाऱ्या आजीबाईंनी इराणी सिनेमा कसा पाहायचा? त्यावर 'सिनेमाची भाषा वैश्विक असते' हे उत्तर उद्धटपणाचं आहे. सुरुवातीला दहा मिनिटं मराठीत कथासूत्र सांगावं, नाहीतर तो सिनेमा त्या सभागृहात लावू नये.

म्हणून निवड मंडळातल्या दोघांकडे द्यावी, पण सहा आठवड्यांपुरतीच. क्रम आणि त्यामागची कारणं आधीच मराठीत फळ्यावर लिहून लावावीत, आणि खेळ संपल्यावर त्या दोघांनी खुर्ची टाकून प्रश्नांना सामोरं जावं. पुढची पाळी दुसऱ्या दोघांची. त्यांत एक तरी असा असावा, ज्याने आजवर फक्त प्रेक्षकांत बसून कुरकुर केली. जाहीर खेळासाठी हक्कधारकांची परवानगी आधी काढायला मात्र विसरू नका.