माप एकच असू द्या




सुट्टी लागली की घराघरात एक प्रश्न निघतो. त्यावर या वेळी आपण सर्वांनी मिळून विचार करू या.

मुलांना टीव्हीला जोडून खेळायचे प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवरचे मोठे गेम हवे असतात. ते यंत्र चाळीस-पन्नास हजारांच्या घरात जातं. सांबऱ्यासारख्या गावात किती घरांना ते परवडणार? मग मोबाईलवर त्याच गेमची हुबेहूब नक्कल सापडते. तीच चित्रं, तसंच नाव, आणि बहुतेक वेळा फुकट. मूळ गेम करणाऱ्याची परवानगी मात्र नसते. आपण हटकलं तर मूल म्हणतं, "यात चोरी कसली? त्यांचा गेम त्यांच्याकडेच आहे की!"

मुलाचं बोलणं उडवून लावण्यासारखं नाही. शेतातलं कणीस तोडलं तर मालकाचं एक कणीस कमी होतं. इथं काहीच कमी झालेलं दिसत नाही. मग सत्संगात आपण ऐकतो ते अस्तेय, म्हणजे चोरी न करणं, इथं लागू होतं का?

उत्तर आपल्याच भागात आहे. जून 2025 मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या कंपनीने फॅशन शोमध्ये कोल्हापुरी चपलेसारख्या चपला दाखवल्या आणि मूळ नाव घेतलं नाही. केवढा संताप झाला ते आपण पाहिलंच. ही चप्पल एकट्या कोल्हापूरची नाही. 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. त्यात आपला बेळगाव जिल्हा आहे. निपाणी, अथणीकडचे कारागीर पिढ्यान् पिढ्या हे काम करत आलेत.

आता बघा, तेव्हा कुणा कारागिराच्या घरातून एकही जोड गेला नव्हता. तरी आपल्याला लागलं. कारण कष्ट एकाचे आणि मिरवणार दुसरा. पुढं टीका झाल्यावर, प्रेरणा भारतीय कारागिरीचीच आहे, हे कंपनीने मान्य केलं. म्हणजे वस्तू जागेवर राहूनही काहीतरी हिरावलं जातं. आधी श्रेय जातं, मागोमाग पोटही जाऊ शकतं.

तेच माप गेमला लावू. कपहेड नावाचा एक गेम 29 सप्टेंबर 2017 ला आला. कॅनडातल्या चॅड आणि जॅरेड मोल्डेनहॉअर या भावांनी तो काढला. 1930 च्या दशकातल्या कार्टूनसारखं एकेक चित्र हाताने काढायचं, हा त्यांचा हट्ट. त्यासाठी घरं गहाण ठेवली. पुढच्याच वर्षी, डिसेंबर 2018 मध्ये, ॲपलच्या ॲप स्टोअरवर त्याची मोबाईल नक्कल आली, तीही मूळ कंपनीच्याच नावाने. किंमत सुमारे पाच डॉलर. मूळ कंपनीने ती बनावट असल्याचं जाहीर केलं आणि ती काढली गेली. "कंपन्या श्रीमंतच असतात, त्यांना काय फरक पडतो?" असं आपण सहज म्हणतो. गहाण पडलेल्या घराचं दुःख निपाणीत काय आणि कॅनडात काय, सारखंच.

मग दुसऱ्याचं पाहून काही करूच नये का? तसंही नाही. एकच आख्यान शंभर कीर्तनकार सांगतात. प्रत्येकाची मांडणी वेगळी, दृष्टान्त वेगळे. त्याला कुणी चोरी म्हणत नाही. कायदाही साधारण असंच बघतो. टेट्रिस या गेमच्या नकलेवर 2012 मध्ये अमेरिकेतल्या एका न्यायालयाने निकाल दिला. खेळाचे नियम, कल्पना कुणाच्या मालकीची नाही, पण दुसऱ्याच्या गेमचं रूप जसंच्या तसं उचलता येणार नाही, असा त्याचा आशय. शिकून स्वतःचं करणं वेगळं आणि दुसऱ्याचं आपलं म्हणून खपवणं वेगळं.

लेकरांना यावरून रागावू नका. नकळत खेळलं त्यात त्यांचा दोष नाही. कळल्यानंतर काय करायचं, तेवढं शिकवायचं आहे. गेम घेण्याआधी तो कुणी केलाय हे मुलासोबत बसून बघा. मूळ करणाऱ्यांनी स्वतः फुकट दिलेले गेमही असतात, ते खुशाल खेळू द्या. एखादा गेम नाहीच परवडला, तर तसं स्पष्ट सांगा. "आपल्याला परवडत नाही" हे सांगण्यात कमीपणा कसला? मनासारखं मिळालं नाही तरी दुसऱ्याच्या कष्टाला हात लावायचा नाही, हे घरातच शिकायला मिळतं.

आपली चप्पल कुणी उचलली तर चोरी आणि आपण दुसऱ्याचं उचललं तर करमणूक, असं दुहेरी माप साधकाच्या घरात नको. या रविवारी जेवणानंतर मुलांशी यावर जरूर बोला. त्यांचंही म्हणणं ऐकून घ्या.

सर्वांचे कल्याण होवो. जय सद्गुरू!