मागे राहणारी लाट

एक चित्र डोळ्यांसमोर आणू या. अमेरिकेच्या उत्तरेकडील एका राज्यातले तळे आहे. उन्हाळ्याची सुटी आहे. तळ्यातून एक मोटारबोट चालली आहे, आणि तिच्यामागे उठलेल्या उंच लाटेवर फळी टाकून एक तरुण तोल सांभाळीत उभा आहे. बोट त्याचे वडील चालवीत आहेत. आई आणि धाकटी बहीण टाळ्या वाजवीत आहेत. कोणाचे वाईट करावे असे त्यांच्यापैकी एकाच्याही मनात नाही. बोट पुढे निघून जाते. थोड्या वेळाने तिची लाट काठाशी येऊन पोहोचते. तेथे एक आजीबाई नातवाला वल्ह्याच्या लहानशा होडीत बसवीत असतात. होडी एकदम कलते, लाकडी धक्क्यावर आपटते, मूल घाबरून रडू लागते. आजीबाई मान वर करून पाहतात, तो समोर कोणीच नाही.

आता सांगा, चूक कोणाची?

चित्र कल्पनेतले असले तरी त्यातील तंटा खरा आहे. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन, व्हर्मॉंट, मेन या तळ्यांच्या राज्यांत गेली काही वर्षे या प्रश्नावर गावसभा भरत आहेत, अर्ज होत आहेत, शेजाऱ्याशेजाऱ्यांत अबोला धरला जात आहे. प्रश्न दूरच्या पाण्याचा आहे. पण त्यातील नीतीचा धागा धरून पाहिला तर तो आपल्या अंगणापर्यंत येतो.

प्रथम ही लाट कशी उठते ते समजून घेऊ. पाण्यावरून वेगाने जाणारी नेहमीची बोट पुढे उचलली जाते आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून जणू घसरत जाते. तिची लाट त्यामानाने लहान असते. या नव्या खेळासाठी बांधलेल्या बोटीचे तंत्र नेमके उलटे आहे. तिच्यातील टाक्यांत मुद्दाम पाणी भरतात. हे पाणी पुष्कळदा हजार किलोहून अधिक भरते. त्या भाराने बोटीचा मागचा भाग खाली बसतो, पुढचा वर उचलला जातो, आणि ती ताशी सुमारे १६ ते १९ किलोमीटर अशा संथ चालीने पाणी नांगरीत जाते. त्यामुळे मागे जी उंच लाट उभी राहते, तिच्याच बळावर खेळणारा दोरी सोडून तरंगत राहतो. मोठी लाट हा येथे खेळाचा दोष नसून खेळाचा हेतूच आहे.

लाटेचा जोर तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. उंची दुप्पट झाली तर जोर दुप्पट न होता चौपट होतो. तिप्पट झाली तर नऊपट. म्हणून डोळ्यांना ‘थोडी मोठी’ दिसणारी लाट काठाला थोडी मोठी लागत नाही. मिनेसोटा विद्यापीठाच्या जलप्रयोगशाळेने एका तळ्यावर मोजमापे घेऊन २०२२ साली अहवाल प्रसिद्ध केला. नेहमीच्या बोटीची लाट २०० फुटांवर जेवढी सौम्य होते, तेवढी सौम्य होण्यास या खेळाच्या बोटीच्या लाटेला ५०० फुटांहून अधिक अंतर लागते, असे त्यात आढळले.

लाट काठावर आपटते, तशी बोटीच्या पंख्याची धार खाली तळाकडेही जाते. पाणी उथळ असेल तर गाळ ढवळून वर येतो. त्या गाळात साठलेला फॉस्फरस पाण्यात मिसळला की शेवाळ माजण्यास खतपाणी मिळते. त्या तळ्यांवर लून नावाचा एक पाणपक्षी असतो. त्याचे पाय शरीराच्या अगदी मागच्या बाजूस असल्यामुळे त्याला जमिनीवर नीट चालता येत नाही. म्हणून तो घरटे पाण्याच्या अगदी कडेला बांधतो. एक मोठी लाट आली की अंडी भिजतात किंवा वाहून जातात. शिवाय टाक्यांतील पाणी उपसल्यावरही थोडे आत राहतेच, आणि त्यातून झेब्रा शिंपल्यासारख्या उपद्रवी जिवांची पिले एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाऊ शकतात.

एवढे ऐकल्यावर कोणी म्हणेल, “मग बंदच करा तो खेळ!” पण न्यायाची घाई म्हणजे न्याय नव्हे. बोटवाल्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. ते म्हणतात, तळे सर्वांचे आहे. वाऱ्यानेही लाटा उठतात, त्यांना कोण दंड करतो? आणि तक्रार करणारे तरी कोण? काठावर बंगले बांधून बसलेले लोक. त्यांना सारे तळे आपल्या खिडकीपुढचे चित्र वाटते.

या म्हणण्यात तथ्य मुळीच नाही असे नाही. वाऱ्याचा मुद्दा फार टिकत नाही; कारण लहान तळ्यावर वाऱ्याला धावण्यास जागाच थोडी मिळते, तेथील लाटा बहुधा लहानच राहतात, आणि काठाची माती, झाडांची मुळे व लव्हाळे यांचा संसार त्याच बेताने मांडलेला असतो. परंतु काठावरच्या लोकांविषयीचा मुद्दा मनाला लावून घेण्याजोगा आहे. ज्याने दृश्य दिसावे म्हणून काठची झाडे तोडली, हिरवळीला खत घातले, ज्याच्या शौचकूपाची टाकी पाझरते, त्याचेही खत आणि मैला त्याच पाण्यात उतरतो. त्याची लाट उंच नसते, तिला आवाज नसतो, इतकेच. दुसऱ्याची लाट मोजण्यासाठी उभे राहणाऱ्याने आपल्या पायांखालचा ओघळही पाहिला पाहिजे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्ववेत्त्याने १८५९ साली ‘ऑन लिबर्टी’ हा ग्रंथ लिहिला. माणसाच्या स्वातंत्र्याला समाजाने आवर घालायचा तो दुसऱ्याची हानी टाळण्यापुरताच, असे त्यातील प्रतिपादन आहे. तत्त्व सोपे वाटते. पण तळ्यावर ते लावू गेले की दोन अडचणी येतात.

पहिली अडचण अशी की एका लाटेने काठ ढासळत नाही. शंभर लाटांनी ढासळतो. तेव्हा शंभरांपैकी प्रत्येकजण प्रामाणिकपणे म्हणू शकतो, “माझ्या लाटेने काही बिघडले नाही.” शंभर निरपराध माणसे आणि एक ढासळलेला काठ! आपल्या पुष्कळ सामाजिक पापांचा हिशेब असाच असतो. नळाला पंप लावून पाणी ओढणारा, गल्लीत कचरा टाकणारा, लग्नाच्या रात्री कर्णे लावणारा, यांतील प्रत्येकाचा वाटा लहान असतो आणि प्रत्येकजण स्वतःला मोकळा समजतो.

दुसरी अडचण याहून खोल आहे. ताशी १६ किलोमीटर चालीची बोट एका मिनिटात सुमारे २६५ मीटर पुढे जाते. म्हणजे लाट काठाला लागते त्या वेळी ती उठविणारा तेथे नसतोच. त्याचे तोंड पुढे आहे. तेथे पाणी अजून शांत आहे. त्याला मूल रडताना दिसले असते तर त्याने बोट खचित थांबविली असती. तो निर्दय नाही, त्याने फक्त मागे पाहिलेले नाही. तेव्हा “माझा हेतू वाईट नव्हता” हे वाक्य खरे असूनही पुरेसे ठरत नाही. आपली जबाबदारी आपल्या हेतूपाशी संपत नाही आणि आपल्या नजरेपाशीही संपत नाही. आपली लाट जेथवर जाते तेथवर ती जाते. शेजारी कोण, हा प्रश्न आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. येथे त्याचे उत्तर असे मिळते, की ज्याच्या दाराशी माझी लाट पोहोचते तो माझा शेजारी, मग मला त्याचे घर दिसो वा न दिसो.

मग उपाय काय? व्हर्मॉंट राज्याने २०२४ च्या एप्रिलपासून नियम लागू केला. हा खेळ काठापासून निदान ५०० फूट दूर, निदान २० फूट खोल पाण्यात, आणि अशी सलग ५० एकर जागा जेथे असेल तेथेच खेळावा. त्या वेळी राज्यातील सुमारे ३० तळीच या मापात बसली. शिवाय प्रत्येक बोटीने आपले एक ठरावीक तळे सांगावे, आणि दुसऱ्या तळ्यात उतरण्यापूर्वी ती नीट धुवून निर्जंतुक करावी, असेही ठरले. मेन राज्याने त्याच वर्षी ३०० फूट अंतर आणि १५ फूट खोली ही मापे ठरविली. ओरेगन राज्याने २०२२ साली विलामेट नदीच्या एका भागात माणसांना ओढून खेळविणाऱ्या बोटींना वजनाचीच मर्यादा घातली. ती ५,५०० पौंड, म्हणजे सुमारे २,५०० किलो आहे.

लाट तीच, आणि मापे निरनिराळी. तेव्हा यांपैकी कोणताही आकडा म्हणजे शिलालेख नव्हे. पण या नियमांत एक शहाणपण आहे. त्यांनी आनंदाला गुन्हा ठरविले नाही. त्यांनी आनंद आणि इजा यांच्यामध्ये अंतर ठेवले. ज्या स्वातंत्र्याला मोठी जागा लागते त्याने मोठ्या जागेत जावे, आणि लहान होडीला लहान पाणी मोकळे सोडावे, एवढाच त्यांचा अर्थ.

पाणी कोणाचे, या प्रश्नालाही कायद्याने उत्तर दिले आहे. मिशिगन सरोवराच्या तळाची जमीन एका रेल्वे कंपनीला देऊन टाकता येईल काय, या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९२ साली सांगितले, की सरकार अशा पाण्याचे मालक म्हणून वागू शकत नाही. ते जनतेच्या वतीने विश्वस्त आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली बियास नदीकाठच्या एका खटल्यात याच निवाड्याचा आधार घेऊन हेच तत्त्व भारतासाठी मान्य केले. म्हणजे तळे बोटवाल्याचे नाही, बंगलेवाल्याचे नाही, आणि आजच्या पिढीचेही पुरते नाही.

तरीही दर तळ्यावर शिपाई उभा करता येत नाही. अमेरिकेच्या एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषींना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी कालवे, कुरणे, मासेमारीची पाणी अशा सामाईक ठेव्यांचा जन्मभर अभ्यास केला. सामाईक वस्तू नासल्यावाचून राहत नाही, हा समज त्यांनी खोडून काढला. जेथे वापरणारे लोकच एकत्र बसून आपले नियम करतात, एकमेकांवर लक्ष ठेवतात, आणि पहिल्या चुकीला मोठी शिक्षा न देता समज देतात, तेथे असे ठेवे पिढ्यान् पिढ्या टिकल्याचे त्यांनी दाखविले. त्यासाठी बोटवाल्याने एक सकाळ काठावर येऊन उभे राहावे, आणि बंगलेवाल्याने एक दुपार त्या बोटीत बसून मुलांचा आनंद पाहावा. नियम मग दोघांचा होईल.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक सूचना करावीशी वाटते. वर्गात एक मोठी परात पाण्याने भरून ठेवा. एका कडेला कागदाची होडी सोडा. मग एका मुलाला परातीकडे पाठ करून बसवा आणि हात मागे नेऊन पाणी जोराने हलवायला सांगा. होडी उलटली की त्याला वळून पाहू द्या आणि विचारा, “ही कोणी बुडविली?” बहुतेक मुले म्हणतील, “मी तर तिला हातही लावला नाही.”

धडा त्या उत्तरापासून सुरू करावा.