ओढण्याची ताकद, थांबवण्याचा धर्म

उसाच्या हंगामात जळकोट-उदगीर भागात दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर दिसला की कौतुक होतं ते इंजिनाचं. पण किती ओझं ओढता येतं यापेक्षा किती ओझं वेळेवर थांबवता येतं, हा सुरक्षित वजनाचा खरा प्रश्न आहे. मला तो मुळात दयेचा, म्हणून धर्माचा प्रश्न वाटतो. बैलगाडीत ओझ्याची मर्यादा बैलच सांगायचा. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करताना हळद-लोण्याचा हात जुवाच्या घट्ट्यावरून फिरतो, तेव्हा वर्षभराचा भार बोटांना कळतो. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली केंद्राने केलेल्या नियमांतही दिवसाला नऊ तासांची मर्यादा आहे आणि लांब, खड्या चढाला वजन निम्मं करायला सांगितलं आहे. ट्रॅक्टरला मात्र खांदा नाही. तो तक्रार करत नाही, म्हणून ती आकड्यांनी करावी लागते.

हिशेब अवघड नाही. कंपनीने ठरवलेल्या कमाल एकत्रित वजनातून ट्रॅक्टर आणि चालकाचं वजन वजा करायचं. जे उरतं त्यातच रिकाम्या ट्रॉलीचं वजनही धरायचं, आणि इथेच बहुतेक चूक होते. पुढे बालाघाटाचे उतार आहेत. वीस मीटरला एक मीटर उतार असला, तर दहा टनांची ट्रॉली मागून सुमारे अर्धा टन जोर लावते. ट्रॉलीला ब्रेक नसतील तर तो सगळा ट्रॅक्टरच्या चाकांवर येतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायला सुमारे चौपट अंतर लागतं.

‘इतकी वर्षं असंच भरतो, काही झालं नाही,’ हे उत्तर नेहमीचं. पण उतारावर अचानक ब्रेक मारायची वेळ आली नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं. फळ आपल्या हाती नाही, असं गीतेच्या आधाराने म्हणणाऱ्यांनी कर्म हाती आहे हेही मानावं. वजन मोजणं हा त्या कर्माचाच भाग आहे. बसवेश्वरांना मानणाऱ्या या भागात तर श्रम हीच पूजा. मग त्या श्रमात दुसऱ्याच्या जिवाची काळजी नको का?

सर्वांत जड आक्षेप पोटाचा आहे. भाडं टनावर मिळतं, डिझेल महाग, ट्रॅक्टरचे हप्ते थकलेले. ही अडचण खरी आहे. तरीही समोरून मोटारसायकलवर येणाऱ्याचा त्या व्यवहारात काहीच वाटा नसतो, धोका मात्र त्याच्याही अंगावर येतो. पण दोष एकट्या चालकाच्या माथी मारणं मला मान्य नाही. कारखान्याच्या काट्यावर किलोकिलोचा हिशेब होतो, पण रस्ता संपल्यावर आणि पैशासाठी. कोणती ट्रॉली किती भरून आली हे ज्याच्या दप्तरी नोंदलं जातं, त्याने दोन हलक्या खेपा परवडतील असा वाहतूक दर द्यायला हवा.