आठशे चाळीस टिचक्या

आत्या १९५२ सालची. २०२२मध्ये मी एका छोट्या दवाखान्यासाठी नंबर लावायचं ॲप करत होतो, तेव्हा सहज तिच्या हातात मोबाइल दिला. तिने नाव टाकलं, पत्ता टाकला. जन्मतारखेच्या चौकटीवर बोट ठेवताच चालू महिन्याचं कॅलेंडर उघडलं. डावीकडच्या बाणावर टिचकी मारली की एक महिना मागे. आत्या निवृत्त शिक्षिका, चिकाटी दांडगी. ती एकेक महिना मागे जाऊ लागली. २०१९ आलं तेव्हा तिने चष्मा पुसला. मी मनात हिशोब केला : सत्तर वर्षं, बारा महिने, आठशे चाळीस टिचक्या. तेवढ्यात तिने मोबाइल खाली ठेवला. "आम्हाला नाही रे जमत हे. तूच भर."

वरच्या सालावर टिचकी मारली असती तर वर्षांची यादी उघडली असती. ते सांगायला मी तोंड उघडलंही होतं. मग मिटलं. दवाखान्यातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाशेजारी मी थोडाच बसणार होतो!

वापरणाऱ्याला मध्यभागी ठेवून वेबसाइट किंवा ॲप घडवण्याची विद्या तशी जुनी आहे. जॉन गूल्ड आणि क्लेटन लुईस यांनी १९८५मध्येच तिची तीन सूत्रं मांडली : सुरुवातीपासून वापरणाऱ्यांकडे आणि त्यांच्या कामाकडे लक्ष द्या, त्यांच्याकडून प्रत्यक्ष वापरून घेऊन मोजा, चुकलं ते सुधारून पुन्हा तपासा. परीक्षेत पाठ करून लिहिता येतील इतकी ही सूत्रं सोपी. अवघड असतं ते समोरचा माणूस काय बोलतोय ते ऐकणं. डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८च्या पुस्तकात रोजच्या वापरातल्या वस्तूंबद्दल लिहिताना हे नोंदवलं आहे की, वस्तू नीट चालली नाही तर माणसं दोष स्वतःकडे घेतात. आपल्याकडे त्याला नम्रतेची झालरही असते. 'आम्ही अडाणी', 'आता वय झालं', 'नातवाला विचारते'. तक्रार येतच नाही, माफी येते. ती माफी तक्रार म्हणून ऐकायची, हा या विद्येतला पहिला धडा.

तो गिरवलेल्यांचं काम आपल्या रोजच्या पाहण्यात आहे. मतदान यंत्राच्या घडणीत आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागातल्या प्राध्यापकांचा हात होता. नावापुढे चिन्ह, त्यापुढे निळं बटण. दाबलं की लाल दिवा आणि लांबलचक बीप. वाचता न येणाऱ्यालाही आपलं मत पडलं हे कानाने कळतं. याच विभागात तयार झालेल्या 'स्वरचक्र' कीबोर्डवर अक्षरं मुळाक्षरांच्या तक्त्यासारखी ओळीने बसवली आहेत. 'क'वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की, कु फुलतात. बाराखडी पाठ असलेल्याला आणखी काही शिकावं लागत नाही.

पण हे ऐकायचं कुणाकडून? याकोब नील्सन यांनी २०००मध्ये लिहिलं की, पाच जणांकडून वापरून घेतलं तरी सुमारे ८५ टक्के अडचणी दिसून येतात. काम लवकर उरकायचं असेल तर हा आकडा फार सोयीचा. ते पाच जण माझ्याच ऑफिसातल्या शेजारच्या टेबलांवरचे, माझ्याच वयाचे आणि माझ्यासारखाच फोन वापरणारे असतील, तर मी मलाच पाचदा तपासलं, एवढंच.

शिवाय ही विद्या दुधारी आहे. माणूस कुठे घाईत असतो, कुठे न वाचता 'हो' म्हणतो, हे कळलं की नेमकी तिथेच विम्याची आधीच टिक केलेली चौकट ठेवता येते. अशा युक्त्यांना हॅरी ब्रिग्नल यांनी २०१०मध्ये 'डार्क पॅटर्न' हे नाव दिलं. भारत सरकारने २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत त्यांचे तेरा प्रकार नोंदवले. पैसे कापले गेल्यावर तिथेही ग्राहक काय म्हणतो? 'माझंच लक्ष नव्हतं.'

आत्यानंतर मी तोच फॉर्म आणखी चार जणांना दिला, सगळे साठीपुढचे. तिघे त्याच कॅलेंडरात अडकले. मी कॅलेंडर काढून टाकलं आणि दिवस, महिना, साल अशा तीन साध्या चौकटी ठेवल्या. आकडे टाइप करा, पुढे चला. आत्याला दाखवायला गेलो. तिची तारीख क्षणात भरून झाली. बाकीच्या तिघांचं सांगितलं तशी ती माझ्याकडे बघत राहिली.

"मग त्या दिवशीच बोलला का नाहीस? वर्गातली निम्मी मुलं एकच गणित चुकली, की मी आधी फळ्यावरचं गणित तपासायचे."

मग पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालून म्हणाली, "आणि हे बटण इतकं खाली कशाला लपवून ठेवलंयस?"

मी वही काढली.