जाळे, पाग आणि रापण

शास्त्रपाठ : नहेम्या ८:१-१२, मत्तय १३:४७-५०

बंदिवासातून परतलेले लोक यरुशलेमेत पाणीवेशीसमोर जमले, तेव्हा लेव्यांनी त्यांस नियमशास्त्र केवळ वाचून दाखविले नाही, तर त्याचा अर्थही समजाविला. त्या दिवशी लोकांनी जो आनंद केला, तो ऐकलेली वचने समजली म्हणून केला.

पवित्र ग्रंथावर पेन्सिलीची रेघ ओढणे हा त्याचा अवमान होय, असे कित्येकांस वाटते. परंतु ग्रंथ कोरा राहिला व वाचणारा अज्ञानी राहिला, तर मान कोणास मिळाला? पंडिता रमाबाईंनी इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, खेड्यांतील साध्या स्त्रियांसही समजावे म्हणून शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले. १९२२ साली त्यांचे देहावसान होईपर्यंत एकेका शब्दावरील त्यांचे श्रम चालू होते.

आपल्या मालवण किनाऱ्यावरीलच उदाहरण घ्या. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात पेत्र व अंद्रिया समुद्रात जाळे टाकीत आहेत. तेराव्या अध्यायात स्वर्गाच्या राज्यास जाळ्याची उपमा आहे. मराठीत दोन्ही ठिकाणी ‘जाळे’ हाच शब्द आहे. मूळ ग्रीकमध्ये मात्र दोन निराळे शब्द आहेत. पहिले जाळे एकट्याने हाताने फेकावयाचे. दुसरे दूरवर सोडून काठाकडे ओढावयाचे. देवबागच्या कोळ्याला हे समजताच तो पहिल्याच्या समासात ‘पाग’ लिहील व दुसऱ्याच्या समासात ‘रापण’.

हे दोन शब्द लिहिले की वचन बोलू लागते. पाग एकट्याचा असतो. रापण होडीतून अर्धवर्तुळाकार सोडितात व दोन्ही टोकांचे दोर अनेक माणसे मिळून ओढितात. तीत तारली व बांगडे येतात, तसा केंडही येतो. ती पाण्यात असता कोणी निवड करीत नाही. मग उपासनेस आलेल्या मनुष्याची पूर्वीची जात विचारून त्यास मागे बसविणारे आम्ही कोण? रापण अजून पाण्यात आहे!

तथापि समासातील शब्द म्हणजे शास्त्र नव्हे. म्हणून तो लिहून वचन पुन्हा वाचावे. किनाऱ्यावर रापण ओढणारेच मासे निवडितात. दाखल्यात मात्र ती निवड युगाच्या समाप्तीस देवदूत करितात. तेव्हा ‘येथे साम्य संपले’ अशी दुसरी टीप लिहावी. पहिल्या टिपेने अर्थ उघडला, दुसरीने तो आवरला. आणि आज्ञा अधिकच स्पष्ट झाली. ओढणे आमचे, निवडणे आमचे नव्हे.

उपदेशक बंधूंनो, पुढील रविवारचा पाठ घेऊन बसाल, तेव्हा हाती पेन्सिल असू द्या. ग्रंथावर लिहिण्यास मन कचरत असेल, तर वही घ्या. न समजलेल्या शब्दाखाली रेघ ओढा, तो शब्द अन्यत्र कोठे आला आहे ते शोधा, आणि आपल्या गावात त्या वस्तूस काय म्हणतात ते समासात लिहा. ज्यांस वाचता येत नाही, अशा वृद्ध मंडळींस तो शब्द विचारा. समुद्राविषयी त्यांस पुष्कळ ठाऊक असते. शेवटी त्या टिपेखाली एक ओळ आणखी लिहा : ‘यावरून आज मी काय करावे?’ ही ओळ कोरी राहील, तोवर वाचन पुरे झाले असे समजू नका.