पॅड बांधून बसलेला मुलगा

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी म्हणजे अर्धी कापणी आणि अर्धी मंडई. बांधीत धान पिवळे पडलेले असते, भाऊबीज उलटली की गावोगाव नाटकांचे मंडप उभे राहतात, आणि नागपूर-पुण्याला गेलेली पोरे एसटीने घरी येतात. त्यांतला एखादा मास्तरांना भेटायला येतोच. २०२५च्या दिवाळीत असाच एक आला. इंजिनिअर होऊन नोकरीला लागलेला. चहा पिता पिता सहज म्हणाला, "सर, एक विचारू? आम्हांला तुम्ही इतके पुढे ढकलले. मग स्वतः मॅट्रिकवरच का थांबलात?"

प्रश्नात खोच नव्हती. वडील लवकर गेले, शेती पाहणारे कोणी नव्हते, शाळेला शिक्षक मिळेना म्हणून वर्गावर उभा राहिलो तो उभाच राहिलो, असे मी सांगितले. ते खरेही होते. पण त्या रात्री झोप लागली नाही. जे आपल्याला लाभले नाही ते दुसऱ्याला देण्याचा अधिकार माणसाला असतो काय? आणि असला, तरी देताना त्याचे मन स्वच्छ राहते काय?

पुढे दहाबारा दिवसांनी, २ नोव्हेंबरला, नवी मुंबईच्या मैदानात आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिल्यांदाच एकदिवसीय सामन्यांचा विश्वचषक जिंकला. शेजारच्या घरी टीव्हीपुढे निम्मे गाव जमले होते. सगळे नाचत होते तेव्हा कर्णधार हरमनप्रीत कौर आपल्या प्रशिक्षकाच्या पायाशी वाकली. तो प्रशिक्षक म्हणजे अमोल मुझुमदार. आणि ह्या गृहस्थाने भारतासाठी एकही सामना खेळलेला नाही!

त्यांची हकीकत क्रिकेटवेड्या वाचकांना ठाऊक असेल. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. फेब्रुवारी १९८८मध्ये हॅरिस ढालीच्या सामन्यात शारदाश्रम शाळेच्या दोन मुलांनी ६६४ धावांची भागी केली. सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९. पुढचा फलंदाज तेरा वर्षांचा अमोल. तो पॅड बांधून बसला आणि बसूनच राहिला. त्याची पाळी आलीच नाही. पुढे रणजी पदार्पणातच त्याने २६० धावा काढल्या, तेव्हा तो जागतिक विक्रम होता. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये ११,१६७ धावा, ३० शतके. पण भारतीय संघाच्या मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण असे लोक ठाण मांडून होते. पाळी तिथेही आली नाही.

ह्या तिन्ही मुलांचे गुरू रमाकांत आचरेकर. त्यांच्याही वाट्याला प्रथम दर्जाचा एकच सामना आला होता, १९६३-६४च्या मोसमात. स्टंपवर रुपयाचे नाणे ठेवायचे. सचिनला बाद करील त्याचे ते नाणे, आणि कोणालाच जमले नाही तर सचिनचे. अशी तेरा नाणी सचिनने जपून ठेवली. पण "छान खेळलास" हे शब्द मात्र सरांनी कधी उच्चारले नाहीत, असे त्यानेच २०१३ साली निरोपाच्या भाषणात सांगितले.

अशी उदाहरणे परदेशांतही आहेत. एत्तोरे मेसिना हा इटालियन खेळाडू म्हणून कधी गाजला नाही, पण बास्केटबॉलचा प्रशिक्षक म्हणून त्याने युरोपातले सर्वांत मोठे अजिंक्यपद चार वेळा मिळवले. मग आपण लगेच म्हणून मोकळे होतो, की ज्याला मिळाले नाही तोच चांगला शिकवतो. त्याची तहान शिष्याच्या कामी येते. दिवाळी अंकात हे वाक्य शोभूनही दिसेल. पण मला ते खरे वाटत नाही. तहानलेला माणूस दुसऱ्याला पाणी पाजतोच असे नाही. पुष्कळदा तो विहिरीवर झाकण घालतो. मी घातले आहे.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. वर्गातली एक मुलगी दहावीला उत्तम गुणांनी पास झाली. तिचा बाप माझ्या अंगणात येऊन उकिडवा बसला. "गुरुजी, पोरीले नागपूरले धाडू का? तुमी सांगाल तसं करतो."

मी त्याला खर्चाचा हिशेब मांडून दाखवला. शहर, एकटी मुलगी, पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की गावाचा रस्ता बंद, आजारी पडली तर कोण पाहणार. एकही गोष्ट खोटी नव्हती. खोटे एवढेच होते, की मी ती तिच्या काळजीने बोलत नव्हतो. ती गेली तर माझ्यापुढे जाईल, आणि मग "मला जमले नाही, कारण इथून कोणालाच जमत नाही" हा माझा आधार तुटेल, ही ती भीती होती. हे तेव्हा मला कळत नव्हते असे म्हणावे, तर कळत होते. बाप मान डोलावून उठला. पुढच्या वर्षी मुलीचे लग्न झाले.

शिष्याकडून आपली हार इच्छावी, असे जुने वचन आहे. मास्तरांच्या सत्कारात ते हटकून म्हटले जाते. पण ती हार गोड केव्हा लागते? मला वाटते, आपली पाळी आता येणार नाही हे मनाने मान्य केल्यावर. पॅड सोडल्यावर! त्या दिवशी अंगणात मी पॅड बांधूनच बसलो होतो. समोरच्या पोरीने धाव काढली की ती माझ्यातून वजा होत होती. मुझुमदारांच्या मनात काय झाले असेल ते मी कसे सांगू? पण विश्वचषकात त्यांचा संघ लागोपाठ तीन सामने हरला होता, आणि उपांत्य सामन्याआधी त्यांनी फळ्यावर एवढेच लिहिले, की त्यांच्याहून एक धाव जास्त हवी. त्या वाक्यात स्वतःविषयी अक्षर नाही. माझ्यासारख्या फळ्यावरच आयुष्य काढलेल्या माणसाला ते विशेष जाणवले.

मी पॅड केव्हा सोडले? तारीख नाही सांगता येत. पहिली कादंबरी छापून आली, तेव्हा थोडे सुटले असावेत. म्हणजे मला दुसरीकडे खेळायला मिळाले म्हणून मी उदार झालो! ह्याला सद्गुण म्हणावे की नाही, वाचकांनी ठरवावे. शिवाय मी उदार झाल्याने त्या मुलीची वर्षे परत येत नाहीत, हे उरतेच.

ती आमच्याच गावात आहे. अंगणवाडीत काम करते. तिची मुलगी माझ्याच वर्गातून यंदा दहावी झाली. जूनमध्ये दोघी माझ्या घरी आल्या. मायलेकी ओसरीवर टेकल्या, आणि मी मनाशी वाक्ये जुळवू लागलो. ह्या वेळी काय सांगायचे ते माझे ठरलेले होते. पण तिने "धाडू का" असे विचारलेच नाही. पिशवीतून नागपूरच्या वसतिगृहाचा फॉर्म काढून तिने माझ्यापुढे ठेवला. "गुरुजी, एवढा भरून द्या," म्हणाली, "उद्याच्या गाडीनं जातो आमी."

मी चष्मा लावला. पोरीचे नाव, जन्मतारीख, गुण, सगळे सावकाश लिहिले. शेवटी शिफारस करणाराचे नाव आणि शिक्षण असे दोन रकाने होते. मी मॅट्रिक असे लिहिले, सही केली आणि शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून ठेवला.