छोट्या प्रोग्रॅममध्ये देवनागरीची जागा

टर्मिनल प्रोग्रॅमचे काम दोन वाक्यांत सांगून होते. कीबोर्डवर दाबलेले अक्षर तारेवरून पलीकडच्या संगणकाला पाठवायचे आणि तिकडून आलेले अक्षर पडद्यावर काढायचे. १९८२ साली आलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रमसारख्या घरगुती संगणकासाठी असे प्रोग्रॅम आजही हौसेने लिहिले जातात. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी भारतातही तो 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने परवाना घेऊन बनवत असे.

काम साधे असले तरी ते करून घेताना कस लागतो. स्पेक्ट्रमचा पडदा २५६ बाय १९२ ठिपक्यांचा. नुसत्या ठिपक्यांनाच ६,१४४ बाइट लागतात. मजकूर एक ओळ वर सरकवायचा तर जवळपास हे सगळे बाइट हलवावे लागतात, आणि साडेतीन मेगाहर्ट्झच्या झेड-८० प्रोसेसरचे त्यात सुमारे ३७ मिलिसेकंद जातात. तेवढ्यात ९,६०० बॉडच्या तारेवरून पस्तीसेक अक्षरे येऊन गेलेली असतात. म्हणून पलीकडच्या संगणकाला 'जरा थांब' असे सांगण्याची सोय करावीच लागते, नाहीतर मजकूर गळतो. असा प्रोग्रॅम एका माणसाला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येतो आणि त्यातली प्रत्येक सूचना कशासाठी आहे ते सांगता येते. संगणक शिकणाऱ्यासाठी याहून चांगला धडा मला दिसत नाही.

या छोटेपणात एक गृहीतक मात्र दडलेले आहे: एक बाइट म्हणजे एक अक्षर, आणि एक अक्षर म्हणजे पडद्यावरचा एक चौकोन. आंबेगाव तालुक्यातल्या लोणी गावाचे नाव तारेवरून पाठवून पाहा. आजच्या यूटीएफ-८ पद्धतीत 'लोणी'चे बारा बाइट होतात, चिन्हे चार, दिसताना अक्षरे दोनच. 'शिवनेरी'ची गंमत आणखी वेगळी. आधी 'श' येतो, तो काढून होतो, मग वेलांटी येते, आणि तिची जागा असते 'श'च्या डावीकडे! म्हणजे प्रोग्रॅमला शेवटचे अक्षर लक्षात ठेवून ते पुसून पुन्हा काढावे लागते. हे काम वाढते हे खरे, पण ते आवाक्याबाहेरचे नाही.

तसे ते पुण्यातच झालेले आहे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले भारतीय लिप्यांसाठीचे 'जिस्ट' तंत्रज्ञान पुढे पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने वाढवले. जिस्ट कार्ड बसवले की डॉसवरच्या, इंग्रजीसाठी लिहिलेल्या अनेक प्रोग्रॅममध्ये देवनागरी चालत असे; युनिक्स संगणकांना जोडण्यासाठी जिस्ट टर्मिनलही होती. भारतीय लिप्या संगणकात साठवण्याच्या १९९१ च्या 'इस्की' मानकात 'लोणी' चार बाइटांत मावते. युनिकोडचा देवनागरी तक्ता याच मानकाच्या आधीच्या आवृत्तीवर बेतलेला आहे. त्यामुळे 'आधी प्रोग्रॅम छोटा ठेवू, लिपीचे नंतर बघू' ही भूमिका मला मान्य नाही. ते नंतर सहसा येत नाही.

काटकसर कशी करावी हे शेजारच्या जुन्नर तालुक्यात, खोडदला पाहावे. खगोलशास्त्रज्ञ डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या पत्र्याऐवजी पोलादी दोरांवर ताणलेल्या बारीक तारेच्या जाळीने मढवल्या. वारा जाळीतून निघून जातो, सांगाडा हलका राहतो, खर्च उतरतो. ज्या लहरी पकडायच्या त्यांना जाळी पुरते, म्हणून पत्रा वगळता आला. काय वगळायचे ते तिथे कामाने ठरवले. मराठी माणसाच्या टर्मिनलचे काम मराठी दाखवणे हे असेल, तर त्यातून देवनागरी वगळणे ही काटकसर नव्हे, ते काम अर्धवट सोडणे आहे.

स्पेक्ट्रमवर अक्षराला १६ ठिपके उंची दिली तर पडद्यावर १२ ओळी बसतात. पत्र वाचायला बारा ओळी पुरेत. स्पेक्ट्रम हाताशी नसला तरी आजच्या संगणकावर त्याची नक्कल करणारा एम्युलेटर फुकट मिळतो. मंचर, नारायणगाव, जुन्नरच्या महाविद्यालयांतल्या संगणक शिक्षकांनी विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी हा विषय द्यावा, आणि तयार झालेला प्रोग्रॅम टिपणांसकट, मराठीत, सर्वांसाठी खुला ठेवावा.